बाबांचा मुखत्यार

घाटंजी
९ जून २०२५

चि. सलील,

आशीर्वाद. आता कामाचं लिहिते.

सोबत एक कागद आहे. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर, आधार कार्डाची प्रत जोड आणि आत ठेवलेल्या पाकिटात घालून परत पाठव. पाकिटावर पत्ता टाकला आहे, तिकिटं लावली आहेत. तुला खर्च नाही आणि माझ्याशी बोलायची गरजही नाही. तुझा आत्ताचा पत्ता मितालीकडून घेतला. तिला रागावू नको, मावशीने हट्ट धरल्यावर ती बिचारी काय करणार.

न वाचता सही करू नको, एवढं तू या घरात शिकला असशील. कागदात इतकंच आहे की श्री. अनंत माधव मुळावकर यांच्या घराचा आणि पैशाचा कारभार बघायला कोर्टाने त्यांच्या पत्नीला, म्हणजे मला, नेमलं तर एकुलता एक मुलगा म्हणून तुझी हरकत नाही. बस.

काहून, तेही सांगते. बाबांना स्मृतिभ्रंश झाला आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं. तेव्हाच तुला फोन केला होता. एकदा वाजतो आणि बंद होतो. म्हणजे तू माझा नंबर अडवून ठेवला आहे असं मिताली म्हणाली. असू दे.

मार्चमध्ये मी त्यांना बँकेत घेऊन गेली. औषधपाण्यासाठी एक ठेव मोडायची होती. चाळीस वर्षं तहसीलच्या आवारात टेबल टाकून या माणसाने लोकांचे दस्त लिहिले, अख्ख्या तालुक्याला "इथे सही, इथे अंगठा" सांगितलं. त्यांनी पेन घेतला, 'अ' काढला, अगदी वळणदार, मग पेन खाली ठेवून मला विचारलं, "पार्टी कुठे आहे?" मॅनेजर भला माणूस, पण नियमापुढे तो तरी काय करतो. घर यांच्या नावावर, ठेवी यांच्या नावावर. बेचाळीस वर्षं या घरात राबून मी कागदावर कुठेच नाही. दस्तलेखकाच्या बायकोची ही गत, सांगायचीसुद्धा लाज वाटते.

तिथून मी बबिताकडे गेली. बबिता म्हणजे आपल्या बसंतीबाईची नात, तांड्यातली पहिली वकील. इथेच प्रॅक्टिस करते. मी म्हटलं, यांच्याकडून माझ्या नावाने मुखत्यारपत्र करून दे, म्हणजे यांच्या वतीने मला सही करता येईल. ती म्हणाली, "काकू, देणाऱ्याला आपण काय देऊन राहिलो हे समजलं पाहिजे. काकांकडून ते आता होत नाही. आता कोर्टाकडूनच माणूस नेमून घ्यावा लागेल आणि त्याला सलीलदादाची सही पाहिजे." वेळ होती तेव्हा यांनी केलं नाही. मी दहा वेळा म्हटलं असेल. "करू, करू" म्हणत राहिले.

मागचं मी काढत नाही. बाबांनी एकदा भरवशाने तुझ्या नावाने मुखत्यारपत्र केलं होतं. तू त्याच्या जोरावर राळेगाव रोडचा प्लॉट विकला आणि पुण्यात फ्लॅट घेतला. बाबांनी ते रद्द केलं आणि पेपरात जाहीर नोटीस दिली. झालं गेलं. नोटीस द्यायला नको होती असं मिताली म्हणते. तिला काय माहीत, मुखत्यारपत्र रद्द केलं की लोकांना कळवावं लागतं, पद्धतच आहे ती.

सही लवकर पाठव.

कुंदा मुळावकर


घाटंजी
३० जून २०२५

चि. सलील,

रजिस्टर पोस्टाची पोचपावती आली. तिच्यावर तुझ्या बायकोची, ऋचाची सही आहे, तारीख १४ जून. म्हणजे पाकीट घरात आहे, आणि घरात असून सोळा दिवस तू एक सही केली नाही. आम्ही इतके वाईट होतो का रे?

हे वाक्य खोडणार होती, राहू दिलं.

परवा सकाळी बसंतीबाई यायच्या आधीच बाबा घरातून निघून गेले. मी पाच मिनिटं न्हाणीत गेली होती, कडी लावायची राहिली. दीड तास शोधलं. बसंतीबाई एका दिशेने, मी एका दिशेने, पायात चपला नाहीत. शेवटी तहसीलच्या आवारात सापडले. त्यांच्या टेबलाच्या जागी आता झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जवाला बसतो. त्याच्या खुर्चीत हे बसलेले, समोर कोणीतरी म्हातारा शेतकरी. त्या माणसाचा सातबारा हातात घेऊन हे त्याला म्हणत होते, "मी काय वाचलं ते तुमच्या शब्दात सांगा." म्हातारा घाबरून गेला होता.

त्यांची ती सवय तुला आठवत असेल. कोणाचाही दस्त लिहिला की मोठ्याने वाचायचे, मग कागद पालथा ठेवायचे आणि देणाऱ्याला विचारायचे, सांगा, काय लिहिलं, कोणाला देऊन राहिले, तो उद्या उलटला तर काय कराल. नीट सांगता आलं नाही तर लिहिलेला दस्त फाडून टाकायचे. फीसुद्धा घ्यायचे नाहीत. मी कितीदा भांडली यावरून. बसंतीबाईलाच बघ. नवरा गेल्यावर तिचा दीर अमरसिंग तिला घेऊन आला होता, शेताचं मुखत्यारपत्र करायला. तिने सांगितलं, "दीर म्हणते अंगठा दे, तं देऊन राह्यले." बाबांनी तिला परत पाठवलं. "चार दिवसांनी ये, एकटी ये." ती चार दिवसांनी आली आणि म्हणाली, नाही देत. ते शेत आज तिच्याजवळ आहे, त्याच शेताच्या जोरावर बबिता शिकली. म्हणून ती रोज सकाळी दहाला येते आणि चारपर्यंत बाबांजवळ बसते. पैसे घेत नाही. मी देऊही शकत नाही, हेही खरं.

आता क्षितिजचं सांगते, नाहीतर तुला दुसरीकडून कळेल. तुझ्या काकांचा क्षितिज, विम्याचं काम करतो तो, हल्ली दर रविवारी यवतमाळहून येतो. फळं आणतो, बाबांची दाढी करून देतो. वाईट बोलायला जागा नाही. तो म्हणतो, "काकू, कोर्टात वर्ष जाईल. माझ्या नावाने मुखत्यारपत्र करून घेऊ. दुय्यम निबंधक कार्यालयाचे साहेब अर्ज केला तर आजारी माणसाच्या घरी येतात. त्यांच्यासमोर काकांनी दोन वाक्यं नीट बोलली की झालं." त्यानंतर घर विकायचं, बाबांना नागपूरच्या एका संस्थेत ठेवायचं, मी त्याच्याकडे राहायचं. सगळं ठरलेलं आहे. मी फक्त हो म्हणायचं.

ती दोन वाक्यं तो बाबांना शिकवतो. समोर बसवून, पेढ्याचा तुकडा हातात धरून. "म्हणा काका, मी माझा पुतण्या क्षितिज याला माझा मुखत्यार नेमतो." बाबा म्हणतात. मग तो पेढा देतो. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघते. मी थांबवलं नाही, सलील. किराणा दुकानदाराला तीन महिने थांब म्हटलं आहे. गेल्या मंगळवारी बाबांनी मला ओळखलं नाही, चोर समजून हात उगारला आणि तो लागला. डोळ्याखाली काळं पडलं आहे. हे तुला लिहायचं नव्हतं.

कागदावर सही कर. दुसरी प्रत सोबत आहे. पहिली हरवली असेल असं मी समजते.

आई


घाटंजी
१७ जुलै २०२५

सलील,

दुसरी पोचपावतीही आली. यावेळी सही तुझी आहे. 'स'ची उभी रेघ अजून तशीच लांब ओढतो तू. मी ते कार्ड देवाजवळ ठेवलं आहे, हसू नको.

क्षितिजने अर्ज करून टाकला. २४ तारखेला साहेब घरी येणार. तोपर्यंत तुझी सही आली तर मी क्षितिजला सांगू शकते की थांब, आपण कोर्टातून करू. नाही आली तर मला नाही म्हणायला तोंड नाही. तो विचारेल, मग काकू, खाणार काय? काय सांगू मी त्याला?

बाबांना ते वाक्य पाठ होऊन राहिलं आहे. आता पेढा नसला तरी म्हणतात. बसंतीबाई काल ऐकून म्हणाली, "बाई, हे बरोबर नाही होऊन राह्यलं. बाबूजीनं कोणाले असं पढवलं होतं का कधी?" मी तिच्यावर ओरडली. आपलं काम बघ म्हटलं. जी बाई फुकट येऊन माझ्या नवऱ्याचे कपडे बदलते तिला मी हे म्हटलं. ती आज पुन्हा दहाला आली.

मला सहा वर्षांपूर्वीचं काही काढायचं नाही. पण तुला त्या प्लॉटबद्दल जे म्हणायचं आहे ते येऊन म्हण. मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही. तू अंगणात उभा राहून म्हणाला होता ना, "आई, तू तरी सांग." ते वाक्य मला हल्ली कामाच्या मध्येच ऐकू येतं. पोळी लाटताना येतं. बाकी काही नाही.

पोस्टाला वेळ लागत असेल तर मितालीच्या फोनवर निरोप ठेव. एक शब्द पुरे.

आई


घाटंजी
२४ जुलै २०२५

सलील,

ते लोक आत्ताच गेले. चहाचे कप अजून टेबलावर आहेत. आत्ता लिहिलं नाही तर उद्या मी काहीतरी वेगळं लिहीन, मला माझा भरवसा नाही.

साहेब साडेअकराला आले, सोबत एक मुलगी, तिच्याजवळ कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र. क्षितिजने बाबांना पांढरा सदरा घातला होता, भांग पाडला होता. बाबा शांत होते. साहेबांनी दस्त वाचला. मग म्हणाले, "अनंतराव, ओळखलं का? मी नवीन लागलो तेव्हा तुमच्या टेबलावर शिकलो आहे. सांगा, तुम्ही कोणाला मुखत्यार नेमून राहिले?"

क्षितिज बाबांकडे बघत होता. मीही मनातल्या मनात ते वाक्य म्हणत होती, म्हणा हो एकदा, आटपू दे हे.

बाबा ताठ बसले. सहा महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता, तहसीलमधला. म्हणाले, "नेमलेला आहे. माझा मुलगा. सलील."

साहेब म्हणाले, "आणि हे क्षितिज?"

"हा भावाचा. चांगला आहे. पण मुखत्यार सलील आहे. राळेगाव रोडचा प्लॉट विकून टाक म्हटलं मी त्याला. तिकडे घर घेऊन राहिला पोरगा, पैसे तूच ठेव म्हटलं. फोनवर सांगितलं." मग माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. ही इथेच कैऱ्या किसत बसली होती."

बसंतीबाई दारात होती. साहेबांनी मला विचारलं, "ताई, खरं आहे का हे?"

आणि मी म्हटलं, "साहेब, त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. त्यांना काही समजत नाही. काहीही बोलतात."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "मग ताई, ज्यांना काही समजत नाही त्यांचा दस्त मी नोंदवू कसा?" मुलीने यंत्र बॅगेत ठेवलं. साहेब बाबांच्या पाया पडले आणि गेले. क्षितिज मला म्हणाला, "काकू, तुम्हीच सगळं घालवलं." मग तोही गेला.

सहा वर्षांत बाबा एकदा खरं बोलले आणि त्याच वेळी मी त्यांना वेडं ठरवलं. सरकारी माणसासमोर, माझ्या तोंडाने.

सलील, मी कैऱ्या किसून राहिली होती.

मी सगळं ऐकलं होतं. २०१९ चा मे महिना, बाबा पलंगावर बसून तुझ्याशी बोलत होते, मी खाली लोणच्याची परात घेऊन. "विकून टाक, पैसे तूच ठेव, आम्हाला काय करायचे." शब्दन् शब्द. तो प्लॉट माझ्या बांगड्या मोडून घेतला होता आणि मला कोणी विचारलं नाही. ना त्यांनी, ना तू. मला वाटत होतं तिथे लहानसं घर बांधू, पुढे बाग. मी कोणाला बोलली नव्हती, पण माझं ते ठरलेलं होतं. मी उठून गेली, परात घेऊन. तुमचं बोलणं चालूच होतं.

ऑगस्टमध्ये प्लॉट विकल्याचं कळलं तेव्हा बाबा म्हणाले, "मी कधी म्हटलं असं?" मला वाटलं, मला घाबरून खोटं बोलून राहिले. आणि मला बरं वाटलं. काय सांगू तुला, मला फार बरं वाटलं. म्हटलं, आता बसा दोघं. मग तू आला, अंगणात उभा राहून सगळं सांगितलं, बाबा नाही म्हणत राहिले, तू माझ्याकडे वळला. मी तुला काय विचारलं ते तुला आठवत असेल. "लेखी आहे का काही?" या घरात तोंडाच्या शब्दाला कधी किंमत नव्हती. मला ते माहीत होतं आणि मी तेच वापरलं.

नोटीस माझ्या अक्षरात आहे. बाबांनी फक्त सही केली. त्यांनी 'माझा मुलगा' असं सांगितलं होतं, मी 'सदर इसम' लिहिलं. "सदर इसमाशी कोणीही व्यवहार केल्यास तो आमच्यावर बंधनकारक राहणार नाही." तुझं पूर्ण नाव, पुण्याचा पत्ता. पेपरच्या माणसाने विचारलं होतं, पत्ता द्यायचा का? मी म्हटलं, द्या. ऋचाच्या वडिलांनी ती वाचली आणि त्यांच्या घरात काय झालं ते मितालीने मला नंतर सांगितलं. मी तिला म्हटलं, केलं तसं भोगेल.

बाबा खोटं बोलत नव्हते रे. विसरले होते. तेव्हाच सुरू झालं होतं ते. मी तेव्हा म्हटलं असतं की हो, तुम्ही बोलले, मी ऐकलं, तर तेही चमकले असते आणि आपण त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं. डॉक्टर म्हणाले होते, चार वर्षं आधी आणायला हवं होतं. मी मान हलवली होती. बँकेतून आली त्या दिवसापासून हे मला कळून राहिलं आहे, तरी पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू मुखत्यारपत्राच्या जोरावर प्लॉट विकला. अजून मी तेच लिहीत होती.

बाबा आत्ता झोपले आहेत, पांढऱ्या सदऱ्यातच. काढू दिला नाही.

मला सही नको. ते दोन्ही कागद फाडून टाक.

आई


घाटंजी
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय सलील,

सोबत शपथपत्राची प्रत आहे. तुझी सही कुठेच नको. माझी झाली आहे.

क्षितिजने कोर्टात स्वतःचा अर्ज टाकला. काकांचा पालक मला नेमा म्हणून. त्याचा वकील यवतमाळचा मोठा आहे. त्यांनी लिहिलं आहे की मुलाला वर्तमानपत्रातून जाहीरपणे अधिकारातून काढलेलं आहे आणि पत्नीने स्वतः सरकारी अधिकाऱ्यासमोर पतीला काही समजत नाही असं सांगितलं. दोन्ही माझंच. त्याला कोर्टाने नेमलं तर घर जाईल आणि बाबा नागपूरच्या त्या संस्थेत जातील. मी ती जाऊन बघितली. स्वच्छ आहे. एका खोलीत सहा पलंग, दाराला बाहेरून कडी. बाबांच्या वयाचा एक माणूस खिडकीच्या गजाला धरून उभा होता, मी दोन तास होती तोपर्यंत उभाच होता.

आपल्या अर्जाचं शपथपत्र लिहायला बबिताच्या ऑफिसात बसलो होतो. बसंतीबाई बाबांना घेऊन बाहेरच्या बाकावर. बबिता म्हणाली, "काकू, एक तारीख लागते. काकांना समजेनासं केव्हापासून झालं? डॉक्टरांच्या कागदावर २०२३ आहे, तेच टाकू?"

मी म्हटलं, मे २०१९ नंतर आणि ऑगस्टच्या आत.

तिने विचारलं, "कशावरून?"

मग मी सांगितलं. कैऱ्यांपासून नोटीसपर्यंत सगळं. बबिता लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे लिहिलं तर नोटीस खोटी पडेल, सलीलदादावरचा डाग जाईल. पण काकू, समोरचा वकील तुम्हाला सोडणार नाही. जी बाई सहा वर्षं खोटं बोलली तिच्या हाती नवऱ्याचा कारभार कसा द्यायचा, असं विचारेल आणि कोर्ट त्याचं ऐकेल. ही ओळ काढायची असेल तर आत्ता सांगा."

बसंतीबाईने बाहेरून ऐकलं होतं. दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, बाबूजीनं मले चार दिस देल्ले होते. तुमी सा साल घेतले. आता अजून कायले थांबता?" बबिता तिला गप्प बस म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, ती बरोबर बोलून राहिली.

ओळ ठेवली आहे. मग मी बबिताला माझं नाव अर्जातून काढायला लावलं. आता अर्जात पालक म्हणून तुझं नाव आहे. बाबांचं घर, ठेवी, औषधं, ते कुठे राहतील, मी कुठे राहीन, सगळं तू ठरवायचं. तू घर विकलं तरी मी विचारणार नाही. बबिता म्हणाली, ज्याला नेमायचं तो हजर पाहिजे, हो म्हणायला पाहिजे, नसेल तर अर्ज खारीज आणि मग क्षितिजचाच उरतो. मी तिला म्हटलं, लिही. ती म्हणाली, काकू, त्याने तुम्हाला एक शब्द लिहिला आहे का आजपर्यंत? मी म्हटलं, पोचपावतीवर सही केली आहे.

शपथपत्र तिने मला वाचून दाखवलं. मग कागद पालथा ठेवला आणि म्हणाली, "काका विचारायचे तसं विचारते. काय लिहिलं ते तुमच्या शब्दात सांगा." मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याने माझ्यासमोर मुलाला प्लॉट विकायला सांगितलं. मी ऐकलं. मी खोटं बोलली. मुलगा चोर नाही." सही करताना दोनदा पेन ठेवावा लागला.

तुझा राग खरा आहे आणि तू तो सोडावा असं म्हणायचा मला हक्क नाही. माझ्यासाठी येऊ नको. मला भेटूही नको, कोर्टात दुसऱ्या बाकावर बस, मी मागे उभी राहीन. पण त्या माणसाला सहा पलंगांच्या खोलीत जाऊ देऊ नको, सलील. त्यांना आता माझं नाव येत नाही. तुझंही त्या दिवसानंतर परत आलं नाही. सकाळी उठून ते मला विचारतात, बाई, तुमचं काय काम आहे? मी रोज काहीतरी काम सांगते, ते मान हलवून ऐकून घेतात.

तारीख २ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी साडेदहा, यवतमाळचं जिल्हा कोर्ट. आम्ही आठच्या एसटीने निघू. बसंतीबाई सोबत येणार आहे, बाबांना खिडकीजवळ बसवलं की ते त्रास देत नाहीत.

एकच मागते. तू येणार नसशील तर आधी कळवू नको. मितालीलाही सांगू नको. निदान यवतमाळपर्यंत तरी, तू तिथे उभा असशील असं समजून मला जाऊ दे.

तुझी आई